ऑलिव्हचा व्हायरस आणि निपाणीचं तंबाखूचं पान

(हातात तंबाखूचं पान, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ)

हे पान बघा. निपाणीजवळच्या आमच्याच शिवारातलं आहे. बोट फिरवलं की चिकट लागतं, आणि तो चिकटा साबणानं घासला तरी लवकर निघत नाही. तंबाखू खुडून आलेल्या आईचे काळे झालेले हात बघतच मी मोठी झाले.

आजचा विषय आहे ऑलिव्हच्या झाडातला एक व्हायरस. तो पकडायला जगभरातल्या प्रयोगशाळा तंबाखूच्या भावकीतली झाडं वापरतात, म्हणून हे पान सोबत आणलं.

नमस्कार मंडळी. संकेश्वरचे एक काका मला परवा म्हणाले, "अगं पोरी, ऑलिव्ह आपल्याकडं कोण लावतंय? त्याचा व्हायरस घेऊन आम्ही काय करू?" काका, प्रश्न बरोबर आहे. उत्तराला जरा वेळ लागेल, पण थांबा.

व्हायरसचं नाव ऑलिव्ह लेटन्ट व्हायरस वन. लेटन्ट म्हणजे दडून बसलेला. त्याची पहिली नोंद 1985 सालची, दक्षिण इटलीतल्या पुलिया भागातली. ज्या झाडांत तो सापडला ती हिरवीगार होती. पान पिवळं नाही, फांदी वाळलेली नाही. कुणीही बघून "झकास झाड आहे" म्हणालं असतं.

दिसायला तो गोळा आहे, साधारण 30 नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा आणि त्यातले तीस घ्या, एवढाच. कवच एकाच प्रथिनाच्या 180 तुकड्यांचं, आणि आत आरएनएचा, म्हणजे व्हायरसची सगळी माहिती साठवलेल्या रेणूचा, एकच धागा, सुमारे 3,700 अक्षरांचा. माणसाच्या पेशीतला मजकूर 300 कोटी अक्षरांच्या वर जातो. इथं साडेतीन-पावणेचार हजार अक्षरांत सगळा संसार.

आता झाडावर काहीच दिसत नसेल, तर व्हायरस आहे हे ओळखायचं कसं? ही पद्धत मला फार आवडते. ऑलिव्हची कोवळी पानं थोडं द्रावण घालून खलात वाटायची. तंबाखूच्या भावकीतल्या रोपाच्या किंवा किनोआ या राजगिऱ्यासारख्या धान्याच्या पानावर कार्बोरंडमची भुकटी भुरभुरायची. पॉलिश पेपरला जी खरखर असते ना, तसलीच ही भुकटी. मग रसात बुडवलेलं बोट पानावरून फिरवायचं, तान्ह्या बाळाला तेल लावतो तितक्या हलक्या हातानं. जोर दिला तर पेशी मरते, आणि मेलेल्या पेशीत व्हायरसला काही करता येत नाही. बारीक ओरखडा हवा, पेशी मात्र जिवंत हवी. पान पाण्यानं धुवायचं आणि वाट बघायची. काही दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उमटतात. 1929 साली फ्रान्सिस होम्स या अमेरिकन शास्त्रज्ञानं तंबाखूच्या एका जंगली जातीवर हे ठिपके मोजून दाखवलं, की रसात व्हायरस जितका जास्त तितके ठिपके जास्त.

(पान पुन्हा कॅमेऱ्यासमोर)

इथं जरा नीट ऐका. तो ठिपका म्हणजे झाडाची झुंज असते. व्हायरस शिरला हे कळताच झाड आजूबाजूच्या आपल्याच पेशी मारून टाकतं, म्हणजे त्याला पुढं सरकायला वाट उरत नाही. शेजारच्या घराला आग लागू नये म्हणून आपल्या गंजीचा कडबा ओढून काढतात, तसं. म्हणजे डाग पडला तिथं झाड लढतंय. आणि ऑलिव्हच्या त्या हिरव्यागार पानावर डाग नव्हता, कारण तिथं भांडणच झालं नव्हतं. व्हायरस निवांत राहत होता.

कुठला व्हायरस कुठल्या कुठल्या झाडांत जगतो, याला होस्ट रेंज म्हणतात. मी त्याला व्हायरसची सोयरीक म्हणते. आणि ही सोयरीक जातकुळी बघत नाही. हाच ऑलिव्हचा व्हायरस तुर्कस्तानात लिंबूवर्गीय झाडांत सापडला आणि जपानमध्ये ट्युलिपमध्ये. ऑलिव्ह, लिंबू, ट्युलिप यांचं आपसात काय नातं? काही नाही. पेशीत शिरता आलं, स्वतःच्या नकला काढता आल्या, एका पेशीतून शेजारच्या पेशीत जाता आलं आणि झाडाच्या पहाऱ्यातून सुटता आलं, की जमलं.

म्हणून काका, नावावर जाऊ नका. नावात बहुतेक वेळा एवढंच कळतं, की तो पहिल्यांदा कुठं सापडला. काकडीच्या नावाचा मोझॅक व्हायरस, सीएमव्ही, तो ऑलिव्हमध्येही सापडलाय. तोच तुमच्या मिरचीत, टोमॅटोत, केळीत येतो. 1,200 हून जास्त जातींच्या वनस्पतींत तो राहू शकतो आणि मावा, म्हणजे पानातला रस शोषणारा बारीक किडा, त्याला शेतोशेत पोचवतो. माव्यानं रोगट पानात सोंड खुपसली आणि लगेच शेजारच्या रोपावर बसला, की काम झालं. ऑलिव्हच्या व्हायरसला तेवढंही लागत नाही. तो कुठल्याही किड्याविना मातीतून मुळांत शिरतो.

दोन वर्षांमागं आम्ही एका नर्सरीतून टोमॅटोचा तरवा आणला. हिरवागार, काडीही जाड, आई खूश. तिसऱ्या आठवड्यात शेंड्याची पानं सुतळीसारखी बारीक निघाली. रोपं उपटून बांधावर ढीग घातला. एकदा व्हायरस आत शिरला की त्याला मारणारी फवारणी नाही. औषध माव्याला लागतं, व्हायरसला नाही. ऑलिव्ह लावणाऱ्यांचं दुखणं याहून जुनाट, कारण ते झाड छाट कलमानं वाढवतात. मातृवृक्षात काही दडलेलं असलं की ते प्रत्येक कलमात जातं. म्हणून युरोपात मातृवृक्ष आधी तपासतात आणि मगच त्याच्या काड्या घेतात.

आता आपल्या घरचं. तंबाखूचा मोझॅक व्हायरस, टीएमव्ही, तोही इटलीत ऑलिव्हमध्ये मिळालाय. त्याला मावाबिवा लागत नाही, हात पुरतो. वाळलेल्या तंबाखूतही तो टिकून राहतो. आपल्याकडं खिशात चंची, तळहातावर चुना-तंबाखू, आणि त्याच हातानं मिरचीचा तरवा उपटायचा.

आमच्या वाफ्याशेजारी आता साबणाची वडी आणि पाण्याची घागर असते. तंबाखू मळून कुणी तरव्याकडं निघाला की आई लांबूनच ओरडते, "तात्या, आधी हात!"