नुसती वाळू

नमस्कार, श्रोतेहो.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक चपलांचा खोका निघाला. आत जैसलमेरचे फोटो. १९९४ च्या जानेवारीत आम्ही गेलो होतो, ३६ फोटोंचा एकच रोल घेऊन. त्यामुळे एकेक फोटो जपून काढलेला.

त्यातल्या एकात बाबा मफलर गुंडाळून उभे आहेत. कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव बघून परतताना वाटेत काढलेला हा फोटो. मागे त्यांच्याच अक्षरात लिहिलंय : ‘नुसती वाळू’. बाबांच्या खांद्यामागे मात्र हिरवा पट्टा दिसतो. रोल धुताना रंग बिघडला, असं आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो.

यंदा भिंग घेऊन बसले. रंग बिघडलेला नव्हताच. तो गहू होता!

जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आपल्या कोकणात एवढा पाऊस कधी कधी एका दिवसात कोसळतो. तरीही पालीवालांनी तिथे काही शतकांपूर्वी गहू पिकवला, विहिरीच्या पाण्याशिवाय. त्यांच्या त्या शेताला म्हणतात खडीन. भोवतालच्या खडकाळ उतारावर पडलेलं पाणी वाहत सखल जागी येतं. तिथे मातीचा लांब बांध घालून ते अडवायचं आणि जमिनीत मुरू द्यायचं. जास्तीच्या पाण्याला सांडवा असतोच. पाणी ओसरलं, वाफसा आला, की गहू-हरभरा पेरायचा. पुढे थेंबभर पाणी द्यावं लागत नाही, पीक त्या ओलीवरच येतं. पालीवाल गाव सोडून गेले, पण त्या भागातली कितीतरी खडीनं आजही पिकतात. आम्ही मात्र पडक्या भिंतींचे अकरा फोटो काढले आणि भरल्या शेताकडे पाठ करून उभे राहिलो. याची मला मनापासून हळहळ वाटते.

आणखी एक फोटो आहे, उघड्याबोडक्या झाडाचा. आई त्याला ‘वठलेलं झाड’ म्हणायची. ती खेजडी, म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो ती. तिथले लोक हिवाळ्यात तिच्या फांद्या छाटतात आणि पाला वाळवून शेळ्या-उंटांना घालतात. त्या पाल्याला लूंग म्हणतात. छाटलेलं झाड पुन्हा फुटतं, आणि त्याच्या कोवळ्या शेंगांची, सांगरीची, भाजी होते. आमच्या फोटोतल्या बुंध्यावर छाटल्याच्या ताज्या पांढऱ्या खुणा स्पष्ट दिसतात. कोणीतरी आदल्या आठवड्यातच तिथे कोयता चालवला असावा.

सम इथल्या वाळूच्या टेकड्यांचे फोटो अजून बघायचे राहिलेत. एकाच्या कोपऱ्यात गवताचे झुबके आहेत. सेवण असेल का? तिकडच्या गाईंचा तो मुख्य चारा. आज रात्री जेवणं झाली, की भिंग घेऊन बसणार आहे.

नमस्कार.