खिंडीच्या दोन बाजूंना

[दृश्य: दोडाबेट्टाचा उतार, सकाळचं धुकं]

उटीला आलेला पर्यटक दोडाबेट्टाच्या शिखरावर फोटो काढतो आणि खाली उतरतो. रस्त्याकडेच्या घळींत कुणी डोकावत नाही. डोंगरमाथ्यावर गवत आणि घळींमध्ये बुटकी, शेवाळलेली गच्च झाडी. या झाडीला इथे ‘शोला’ म्हणतात. आतल्या अंधाऱ्या झुडपांत, जमिनीलगत, चिमणीएवढा एक गडद निळा पक्षी किडे टिपत फिरतो. पोट पांढरं, कुशी तांबूस.

ही निलगिरी शोलाकिळी. दिसायची मारामार, त्यामुळे आधी कान लावायचे.

[आवाज: शोलाकिळीचं गाणं]

निलगिरीच्या दक्षिणेला डोंगर एकदम संपतात. ही पालघाटची खिंड. कोइमतूरहून केरळात जाणारी रेल्वे इथूनच जाते. खिंडीपलीकडे पुन्हा उंच डोंगर लागतात, अन्नामलै आणि कोडाईकनालचे. तिथेही शोलाकिळी आहे, पण कुशी निळसर करड्या. ती पांढऱ्या पोटाची शोलाकिळी, वेगळी जात.

पंख असून ती खिंड का ओलांडत नाही? तिला लागतं ते उंचावरचं थंड, ओलं, सावलीचं जंगल. खिंडीतल्या उष्ण, उघड्या मैदानात तिचं काहीच नाही. लाखो वर्षं दोन्हीकडचे पक्षी एकमेकांपासून तुटलेले राहिले.

पक्षितज्ज्ञांनी शोलाकिळीला कधी या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, इंग्रजीत genus) टाकलं, कधी त्या. शेवटी डीएनए तपासून व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये तिच्यासाठी नवी प्रजाती मांडली, ‘शोलिकोला’. जगात ही प्रजाती फक्त दक्षिण सह्याद्रीत सापडते. आपल्या महाराष्ट्राच्या घाटांत ती नाही.

[दृश्य: चहाचे मळे, मध्ये झाडीचे तुकडे]

पालघाटची खिंड निसर्गाने केली. नंतरच्या खिंडी माणसाच्या: चहाचे मळे, वॅटल (बाहेरून आणून लावलेली बाभळीच्या कुळातली झाडं), युकॅलिप्टस. दक्षिणेकडच्या जातीवर 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अलीकडच्या जंगलतोडीमुळे वेगळे पडलेले पक्षीही वेगळं गाऊ लागलेत, असं त्यात दिसलं. आपल्याला हे जास्त अस्वस्थ करणारं वाटतं, कारण ही तूट लाखो वर्षांची नाही.

वॅटलचं काय करायचं, यावर मात्र एकमत नाही. मूळच्या गवतासाठी ती काढावी, असं काहींचं म्हणणं. पण जुन्या वॅटलच्या सावलीत आता शोलाची रोपं उगवताहेत, म्हणून सरसकट कुऱ्हाड नको, असं इतर सांगतात.