आधी डोकं कुठे आहे ते सांगा

नमस्कार मंडळी. बोलायला सुरुवात करण्याआधी तुम्हाला एक काम देतो. उजव्या हाताची तर्जनी डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरा. पेरांवरच्या रेषांकडे बघत राहा आणि ‘नाही, नाही’ म्हणताना डोकं हलवतो तसं भराभर हलवा. रेषा दिसतायत ना? छान दिसतायत. आता उलट करा. डोकं स्थिर ठेवा आणि बोट तेवढ्याच वेगाने हलवा. गेल्या रेषा! बोटाचं नुसतं फराटं झालं.

बोट तेच, डोळे तेच, वेगही तोच. मग फरक कशाने पडला? बोट हलतं तेव्हा डोळ्यांनी ते आधी पाहायचं, ते कुठे चाललंय हे मेंदूने ठरवायचं आणि मग डोळे त्याच्या मागे फिरवायचे. यात सेकंदाचा दहावा हिस्सा सहज जातो. डोकं हलतं तेव्हा ही सगळी वाटच वगळली जाते. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्यांत द्रव आहे. डोकं वळलं की तो द्रव क्षणभर मागे राहतो, तिथल्या मज्जातंतूंना खबर लागते आणि साधारण दहा मिलिसेकंदांत डोळे तितक्याच अंशांनी उलट दिशेला फिरतात. जग जागच्या जागी राहतं. जन्मापासून हे चालू आहे आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

विषय आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हीआरचा, आणि हा माणूस कानाच्या गोष्टी का सांगतोय असं वाटेल. पण या तंत्रज्ञानाची सगळी झटापट या दहा मिलिसेकंदांशी आहे. डोळ्यांवर बांधायच्या हेडसेटमधली स्क्रीन, भिंगं, आवाज हे सगळं महत्त्वाचंच. पण मला विचाराल तर व्हीआर म्हणजे चित्र दाखवण्याचं यंत्र नाही, ते डोकं मोजण्याचं यंत्र आहे. चित्र त्यानंतर येतं.

थ्रीडी चित्र ही फार जुनी गोष्ट. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली स्टिरिओस्कोप मांडला, तेव्हा फोटोग्राफीची जाहीर घोषणाही झाली नव्हती. त्याने हाताने काढलेल्या आकृत्या वापरल्या. आपल्या दोन डोळ्यांत सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे डाव्या डोळ्याला दिसणारं जग आणि उजव्याला दिसणारं जग यांत थोडा फरक असतो. तो फरक कागदावर काढून ज्याचं चित्र त्याच्याच डोळ्याला दाखवलं की मेंदू खोली आपोआप तयार करतो. पुढे १९३९ मध्ये व्ह्यू-मास्टर आला. तुमच्यापैकी काहींनी लहानपणी खटका दाबून चकतीवरचे प्राणी आणि राजवाडे पाहिले असतील. खोली तिथे होती, आणि चांगली होती. पण मान वळवली की राजवाडाही मानेबरोबर वळायचा.

ही अडचण पहिल्यांदा मुळापासून हातात घेतली ती आयव्हन सदरलंड यांनी, हार्वर्डमध्ये, १९६८ साली. डोक्यावर बांधलेल्या दोन छोट्या पिक्चर ट्यूब, त्यांचं चित्र अर्धपारदर्शक आरशांतून डोळ्यांपर्यंत आणि समोर हवेत तरंगणारी नुसत्या रेघांची एक चौकट. आजच्या पोरांना हसू येईल इतकं साधं चित्र. पण छतापासून एक दांडा खाली येऊन त्या माणसाच्या डोक्याला जोडलेला होता. मान किती वळली, डोकं किती सरकलं, हे तो दांडा संगणकाला कळवायचा आणि संगणक त्याप्रमाणे रेघा नव्याने काढायचा. माणूस चालत बाजूला गेला की त्याला चौकटीची बाजू दिसायची. डोक्यावर लटकणाऱ्या त्या धुडामुळे लोक या उपकरणाला ‘डॅमोक्लिसची तलवार’ म्हणू लागले. सदरलंड यांनी आपल्या लेखात स्पष्ट म्हटलं आहे की दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवणं महत्त्वाचं खरं, पण डोकं हलल्यावर चित्र बदलणं त्याहून महत्त्वाचं. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं या एका वाक्यावर काम चाललेलं आहे असं म्हटलं तरी चालेल.

त्या दांड्याच्या जागी आज काय आलं आहे? हा हेडसेट मी वर धरतो, मागच्यांनाही दिसेल. याच्या आत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी एक चिप आहे. तिच्यात सिलिकॉनचे सूक्ष्म तुकडे सतत थरथरत ठेवलेले असतात. हेडसेट फिरला की त्या थरथरणाऱ्या तुकड्यावर आडवा जोर येतो आणि तो किंचित बाजूला सरकतो. ते सरकणं विजेच्या भाषेत मोजलं की फिरण्याचा वेग कळतो. हा जायरोस्कोप. शेजारीच ॲक्सेलरोमीटर असतो, तो सरळ रेषेतलं त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतोय ते, आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा मोजतो. सेकंदाला हजार वेळा वगैरे ही मोजणी चालते. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही ही जोडी आहे. स्मार्टफोनमुळे हे सेन्सर आणि छोट्या, बारीक स्क्रीन स्वस्त झाल्या, म्हणून तर २०१२ साली ऑक्युलस या कंपनीचा हेडसेटचा प्रयोग लोकवर्गणीवर उभा राहू शकला आणि दोनच वर्षांत फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरला घेतली. १९९०च्या दशकात व्हीआरचा एक फुगा फुटलेला होता, त्यामागे कल्पना कमी पडली असं नव्हतं, सुटे भाग कमी पडले होते.

पण या चिपवर विसंबून भागत नाही. कागदावर हिशेब करून बघा. त्वरणापासून जागा काढायची म्हणजे बेरजेवर बेरीज करायची, दोनदा. समजा ॲक्सेलरोमीटर अगदी थोडा, मीटर प्रति सेकंद वर्गाच्या शंभराव्या हिश्शाने चुकतोय. दहा सेकंदांनी तुम्ही आहात त्या जागेपासून अर्धा मीटर सरकलात असं यंत्र समजेल. मिनिटाभराने १८ मीटर! तुम्ही खुर्चीत बसलेले, आणि यंत्राच्या मते सभागृहाच्या बाहेर, रस्त्यावर. म्हणून हेडसेटच्या पुढच्या बाजूला हे कॅमेरे आहेत. ते खोलीतले कोपरे, टेबलाच्या कडा, भिंतीवरचं कॅलेंडर अशा खुणा पकडून ठेवतात आणि त्यांच्या सरकण्यावरून डोकं कुठे आहे ते ठरवतात. चिप झटपट पण वाहवत जाणारी, कॅमेरे सावकाश पण खात्रीचे. दोघांची साक्ष एकत्र करून उत्तर निघतं. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर किंवा अंधाऱ्या खोलीत हेडसेट गोंधळतो तो यामुळेच. त्याला बिचाऱ्याला पकडायला खूणच मिळत नाही.

आता वेळेचं गणित. चित्र सेकंदाला ९० वेळा बदलायचं तर प्रत्येक चित्राला ११ मिलिसेकंद मिळतात, तेही दोन डोळ्यांची दोन चित्रं धरून. डोकं हलल्यापासून ते त्याप्रमाणे बदललेला प्रकाश डोळ्यात शिरेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांच्या आत सगळं उरकलं पाहिजे असा या क्षेत्रातला दंडक आहे. त्यापेक्षा उशीर झाला की जग डोक्यामागे रबरासारखं ओढलं जातंय असं वाटतं. यासाठी दोन युक्त्या वापरतात, दोन्ही मला फार आवडतात. पहिली, भविष्य सांगणे. डोकं आत्ता कुठे आहे याचं चित्र काढायचंच नाही. चित्र दिसेल त्या क्षणी ते कुठे असेल याचा अंदाज घ्यायचा आणि त्याचं काढायचं. काही मिलिसेकंदांचं भाकीत असल्याने ते बहुतेक वेळा बरोबर येतं. दुसरी युक्ती, चित्र तयार झाल्यावर स्क्रीनवर जाण्याच्या अगदी आधी डोकं पुन्हा एकदा मोजायचं आणि फरक पडला असेल तर तयार चित्रच तेवढं सरकवून द्यायचं. याला टाइमवॉर्प म्हणतात.

शिवाय चित्र पूर्ण ११ मिलिसेकंद पेटवून ठेवत नाहीत. मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद चमकवतात आणि विझवतात, नाहीतर डोकं फिरवताना ते फासलं जातं. म्हणजे हेडसेट घालून तुम्ही बसता तेव्हा त्यातला पाचातला चार हिस्से वेळ तुमच्यासमोर काळोख असतो.

भिंगांबद्दल थोडक्यात सांगतो. पुस्तक डोळ्यांपासून चार-पाच सेंटिमीटरवर धरलं तर वाचता येत नाही. इथे स्क्रीन तेवढ्याच अंतरावर आहे. मधलं भिंग तिची प्रतिमा मीटर-दोन मीटर लांब नेऊन ठेवतं आणि मोठीही करतं. पण भिंगाने चित्राच्या कडा ताणल्या जातात, म्हणून संगणक मुळातच चित्र पिंपासारखं फुगीर काढतो. दोन विकृती एकमेकींना खोडतात आणि सरळ रेषा सरळ दिसते. मोठं करण्याची किंमत मात्र मोजावी लागते. निरोगी डोळा एका अंशात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखू शकतो. मेटाच्या, म्हणजे आधीच्या फेसबुकच्या, क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये एका अंशात पंचवीसच्या आसपास ठिपके येतात. २०२४ साली बाजारात आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये दोन्ही डोळ्यांचे मिळून २ कोटी ३० लाख ठिपके आहेत, तरी साठाचा आकडा लांबच आहे. यावर तोडगा असा की आपल्या दृष्टीचा तीक्ष्ण भाग मध्यावर फक्त दोनेक अंशांचा असतो. बुबुळांवर नजर ठेवून तेवढाच भाग बारीक काढायचा, बाकीचा जाडाभरडा. म्हणजे पुन्हा मोजणीच! आधी डोकं मोजत होतो, आता डोळे मोजायचे.

मग काही लोकांना का मळमळतं? गाडी लागते तसंच आहे हे, फक्त उलट. कुंभार्ली घाटात एसटीत पेपर वाचत बसलेल्या माणसाचा कान सांगत असतो की आपण डावी-उजवीकडे फेकले जातोय आणि डोळे सांगतात की अग्रलेख जागचा हललेला नाही. व्हीआरमधल्या रोलर कोस्टरवर डोळे सांगतात की आपण खाली कोसळतोय आणि कान सांगतो की आपण प्लॅस्टिकच्या खुर्चीत आहोत. ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही, कारण वळण त्याला आधी माहीत असतं. व्हीआरमध्येही स्वतःच्या पायांनी चाललं तर त्रास क्वचित होतो. बटण दाबून जग आपल्या अंगावर सरकवलं की होतो. म्हणून बरेच गेम जमिनीवर एक जागा दाखवून तिथे थेट उडी मारायला लावतात, मधला प्रवास दाखवतच नाहीत. मॉलमध्ये पैसे घेऊन जे ‘व्हीआर’ दाखवतात त्यात बऱ्याचदा नेमका रोलर कोस्टर असतो. ओळख करून द्यायला याहून वाईट गोष्ट निवडता आली नसती. आणखी एक, ३६० अंशांचा व्हिडिओ म्हणजे पूर्ण व्हीआर नव्हे. त्यात मान वळवता येते, पण पुढे वाकून खांबाच्या मागे डोकावायला गेलात तर खांब तुमच्याबरोबर पुढे येतो. पुन्हा व्ह्यू-मास्टरच.

मोजणी नीट जमली तर काय होतं, हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पाहायला मिळालं. फ्रेड ब्रुक्स यांच्या गटाने एक खोली तयार केली होती. दार उघडून आत गेलं की मध्ये जमीनच नाही, खाली वीसेक फूट खोल दुसरी खोली. खड्ड्याच्या कडेला अरुंद कठडा. खऱ्या जमिनीवर दीड इंच उंचीची एक फळी ठेवलेली, म्हणजे पायाच्या बोटांना कड जाणवावी. लोकांना पक्कं माहीत होतं की खड्डा नाही. तरीही त्यांच्या हृदयाचे ठोके वाढत. २००३ साली त्यांनी ९० मिलिसेकंदांचा उशीर आणि ५० मिलिसेकंदांचा उशीर यांची तुलना प्रसिद्ध केली. चित्र तेच, खड्डा तोच, फक्त उशीर कमी केला तर छाती जास्त धडधडली. मी सुरुवातीला केलेल्या विधानाला याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

याचा उपयोग कुठे? भाजलेल्या रुग्णांची मलमपट्टी बदलताना होणाऱ्या वेदना भयंकर असतात. सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचं बर्फाळ दरीचं जग तयार केलं. त्यात रुग्ण बर्फाचे गोळे फेकत राहतो आणि लक्ष तिकडे गुंतल्यामुळे वेदना कमी जाणवतात. शस्त्रक्रियेच्या शिक्षणात येल विद्यापीठाचा २००२चा अभ्यास प्रसिद्ध आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा सराव सिम्युलेटरवर केलेल्या शिकाऊ डॉक्टरांनी पित्ताशय सोडवण्याचं काम २९ टक्के कमी वेळात केलं आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. उंचीच्या भीतीवरचे उपचार तर १९९५पासून नोंदलेले आहेत. यशस्वी उदाहरणं पाहिलीत तर तिथे प्रत्यक्ष करणं धोक्याचं, महागाचं किंवा अशक्य आहे असं दिसेल. शाळांनी हे लक्षात घ्यावं. हृदयाच्या कप्प्यात शिरायला हेडसेट जरूर आणा. मागच्या अंगणातलं जास्वंदीचं फूल दाखवायला कशाला? ते तोडून मुलांच्या हातात द्या. आणि २०२१ साली फेसबुकने नाव बदलून मेटा केलं तेव्हा आपण सगळे आता आभासी कचेरीत बैठका घेणार असं सांगितलं जात होतं. अर्धा किलोचं वजन कपाळावर बांधून तासभर बैठक ऐकणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

कार्यक्रमानंतर मागच्या टेबलावर ज्यांना हेडसेट घालून बघायचाय त्यांच्यासाठी काही सूचना. पहिल्यांदाच घालणाऱ्यांनी बसून बघावं. खालची चकती फिरवून दोन भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांशी जुळवून घ्या, चित्र धूसर दिसण्याचं निम्मं कारण तेच असतं. चष्मा असेल तर आतली पट्टी पुढे ओढा, नाहीतर चष्म्याची काच भिंगाला घासते. मळमळल्यासारखं वाटलं की लगेच काढा, थोड्या वेळाने सवय होईल म्हणून रेटू नका, त्याने वाढतच जातं. लहान मुलांसाठी कंपन्यांनी वयाची अट दिलेली असते, ती पाहिल्याशिवाय नातवंडांना पुढे करू नका. आणि काढल्यावर हेडसेट खिडकीपाशी उताणा ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं तर कागद जळतो तशी स्क्रीन जळते, आणि ती दुरुस्त होत नाही. रांग डावीकडून लावा.