फॉर्मचे रकाने फॉन्टचं ऐकत का नाहीत?

नमस्कार भावांनो. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कॉमेंट एकच हायेत: "दादा, बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला, मुक्ता फॉन्ट लावला, सगळं पान बदललं, फॉर्म तेवढा तसाच. काय करू?"

सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी फाईल जोडणं, फॉन्ट लोड करणं हे सगळं तुम्हाला येतंय, पुढं जाऊ.

[स्क्रीनवर: ऑर्डरचा फॉर्म]

हा फॉर्म मी एका गूळवाल्या काकांसाठी केलेला. 'आपलं नाव' हे लेबल मुक्तात, ऐटीत. आणि रकान्यात टाईप केलं की मुंगीएवढं अक्षर! काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत डोळ्यावर घेतला आणि म्हणाले, "आरं, गूळ विकायचाय का डोळं तपासायचंत?" मी तासभर फॉन्टची लिंक तपासत बसलो. लिंकला काही झालेलंच नव्हतं.

झालंय असं की इनपुट (एका ओळीचा रकाना), टेक्स्टएरिया (मोठा रकाना), सिलेक्ट (यादीतनं निवडायचा) आणि बटण यांना ब्राउझर स्वतःचा फॉन्ट आधीच लावून ठेवतो. क्रोमची अंगची स्टाईलशीट उघडून बघा. पानाचं अक्षर १६ पिक्सेलचं, इनपुटचं १३.३३. टेक्स्टएरियाचं तर घराणंच वेगळं, मोनोस्पेस, म्हणजे सगळी अक्षरं एकाच रुंदीची. त्यात इनपुटला बऱ्याचदा एरियल मिळतो आणि एरियलमध्ये देवनागरीच नाही. मग मराठी टाईप केलं की विंडोजवर निर्मला नाहीतर मंगल धावून येतो, अँड्रॉइडवर नोटो. तुमचा मुक्ता बाहेर उभाच.

पंगतीचं बघा. बॉडी म्हणजे आचारी. ज्यानं काही आणलेलं नाही, तो आचाऱ्याचंच जेवतो. परिच्छेद, लेबल, मथळे, सगळे. पण इनपुट हा पाहुणा घरनं डबा घेऊन आलाय. तुम्ही तांबडा रस्सा करा नाहीतर पांढरा, तो डबाच उघडणार.

आता एक भाऊ कॉमेंटमध्ये म्हणतोय, "बॉडीला इम्पॉर्टंट लावा की." म्हणजे 'हाच नियम मोठा' असं बजावणारा शब्द. आवो, लावून बघा! आचाऱ्यानं बोंब मारली म्हणून पाहुण्याच्या हातातला डबा सुटत नाही. वारशानं आलेल्या किमतीपेक्षा थेट लावलेला नियम नेहमी वरचढ, मग तो ब्राउझरचा का असेना. इम्पॉर्टंट बॉडीपुरता, लेकराला तो वारशात जात नाही. आणि ही इम्पॉर्टंटची सवय… असू दे, त्यावर बोलायला लागलो तर रंकाळ्यावर अंधार पडेल.

तर नियम थेट पाहुण्यालाच सांगायचा:

[स्क्रीनवर: इनपुट, टेक्स्टएरिया, सिलेक्ट, बटण — चौघांना एकच ओळ, 'फॉन्ट: इनहेरिट']

इनहेरिट म्हणजे वारशानं घे. डबा बंद, आचाऱ्याचं जेव. नुसतं फॉन्ट-फॅमिली इनहेरिट लिहिलंत तर घराणं बदलेल, आकार तसाच बारीक राहील. 'फॉन्ट' हा शब्द एकटा लिहा, म्हणजे आकार, जाडी, ओळीची उंची सगळं येतं. आणि ही ओळ वर ठेवा. खाली ठेवलीत तर तुम्ही आधी दिलेला आकार पुसून टाकेल.

अजून खोटं वाटतंय? इनपुटवर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, कम्प्युटेड. तिथं फॉन्ट-साईज उघडली की कुठल्या नियमानं किंमत दिली ते दिसतं. यूजर एजंट, म्हणजे ब्राउझरचा स्वतःचा नियम, न खोडलेला दिसला की समजा, डबा अजून उघडाच आहे.

"तारा (*) म्हणजे 'सगळे' हे चिन्ह लावून सगळ्यांना फॉन्ट दिला तर?" फॉर्मला लागतो, खरं. पण त्याला इम्पॉर्टंट जोडलंत तर आयकॉन फॉन्टची, म्हणजे अक्षरांच्या जागी चित्रं असलेल्या फॉन्टची, चित्रं जाऊन चौकोन येतात. माझे आलेत.

आकार १६ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. आयफोनच्या सफारीत रकान्यावर बोट ठेवलं की पान झूम होतं, आणि गिऱ्हाईक म्हणतंय वेबसाईट हलतीया.

आता आपल्या मराठीची गंमत. रकान्याची उंची पिक्सेलमध्ये जखडू नका, पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, द्या. काकांच्या फॉर्ममध्ये मी उंची २४ ठेवलेली, वर पॅडिंगनं त्यातली निम्मी खाल्ली. एका गिऱ्हाइकानं गाव लिहिलं 'कुर्डूवाडी'. वरचा रफार गेला, खालचे उकार गेले. आणि लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, तर नकोच, शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी सुटी होतात.

सिलेक्टचं राहिलं. बंद असताना तो तुमचा फॉन्ट घेतो, पण मोबाईलवर उघडणारी यादी फोनची स्वतःची. तिथं मुक्ता दिसला नाही म्हणून मला कॉमेंट करू नका. काकांनीही विचारलेलं. मी यादीच काढली आणि एक किलो, पाच किलो, दहा किलो अशी तीन बटणं दिली.