टॉवरचा रंग राहू दे, आधी छज्जा दाखवा

नमस्कार मंडळी! रत्नागिरीतल्या एका नव्या टॉवरचं चित्र सगळ्या ग्रुपवर फिरतंय आणि तेव्हापासून मला एकच प्रश्न येतोय, "सर, तुमचं मत काय?"

उंचीचं पटकन उरकतो. 24 मीटरच्या वर गेलात की रेफ्युज एरिया (आग लागली तर थांबायची सुरक्षित जागा), फायर लिफ्ट, अग्निशमनची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला हे सगळं लागतंच. समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम आले. पुढे जाऊ.

कमेंटमध्ये दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, "गावाची मुंबई करतलास काय?" दुसरी म्हणते, आम्ही काय जन्मभर कौलंच शाकारायची? भांडण कशावरून, तर काचेच्या निळ्या रंगावरून. एकाने तर वर कौलारू टोपी घाला म्हणून सुचवलंय. बाबा रे, एवढ्या उंचावर ती कौलं वादळात कुठे जातील? 3 जून 2020 ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे काय झालं ते आठव.

मी त्या चित्रात एकच गोष्ट शोधतो. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आहे का? नाही! सपाट भिंत, त्यात सपाट काच. अहो, इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. झड! जेवढं वर जाल तेवढा वारा जास्त.

एका ओळखीच्यांचा फोन आला होता, "स्लॅब गळतोय, येऊन बघा." गेलो. स्लॅब ठणठणीत. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी तुंबलेलं आणि ज्या भोकांतून ते बाहेर जायचं, त्याच भोकांतून वारा ते आत ढकलत होता. काकूंनी सगळे टॉवेल पट्टीत कोंबलेले. बिल्डरचा माणूस येऊन सिलिकॉन मारून गेला होता. भोकंच बुजवली त्याने! म्हणजे आता पाण्याला घरात येण्याशिवाय वाटच नाही.

बरं, खिडकी सोडा, भिंत घ्या. छज्जा नसला की पाणी भिंतीवरून निथळत राहतं. दोन पावसाळ्यांत काळे ओघळ, शेवाळ. खारी हवा आणि ओल भेगांतून आत शिरली की सळई गंजते, मग प्लास्टर फुगतं. त्या निळ्या-पांढऱ्या एलिव्हेशनवर, म्हणजे दर्शनी बाजूवर भांडताय ना, ते टिकणार किती दिवस?

आणि तिसरं. माणसं गप्प बसतात का? पहिल्याच पावसात प्रत्येक जण आपापल्या बाल्कनीवर पत्रा ठोकतो. कोणाचा हिरवा, कोणाचा निळा, कोणी ताडपत्री. आर्किटेक्टने दिला नाही म्हणून लोक स्वतःच छज्जा करतात, एवढंच. जुन्या घराची पडवी पागोळीला भिंतीपासून लांब ठेवायची. तरी पावसाआधी आजोबा तिला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायचे. त्यांना कोणी ग्रुपवर विचारलं नव्हतं.

(चित्रात कायम ऊन का असतं हो? जुलैतलं एक तरी चित्र काढा की.)

आता, "हरकत कुठे नोंदवायची?" शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, त्या जरूर द्या. पण एका खासगी इमारतीचं रूप आवडलं नाही, म्हणून सुनावणी होत नसते. तुमच्या मताला वजन आहे ते बुकिंगच्या टेबलावर. महारेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर मंजूर नकाशे बघा. ब्रोशरमधलं चित्र आणि नकाशा यांत फरक दिसला तर तिथेच विचारा. मंजूर नकाशात बिल्डरला पुढे मोठा बदल करायचा असेल, तर रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते.

विचारायचं काय? खिडकीचा सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचा नकाशा दाखवा. छज्जा किती बाहेर? पश्चिमेला स्लायडिंग आहे की रबराची पट्टी असलेली, दाबून बंद होणारी खिडकी? सेल्सवाला म्हणेल, "सर, व्ह्यू बघा ना!" बघा. जुलैत जाऊन बघा, आणि सँपल फ्लॅटची पश्चिमेची खिडकी त्यालाच बंद करायला सांगा.