मानेवरचा काळा पट्टा मळाचा नसतो

नमस्कार, श्रोतेहो.

माझ्या दवाखान्यात एक आई चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. मुलीनं ओढणी गळ्याभोवती गच्च गुंडाळली होती. आईनं ती बाजूला केली आणि म्हणाली, "डॉक्टर, बघा हो हिची मान. कितीही घासा, मळ निघतच नाही." डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं, शेवटी टाचा घासायची वज्रीसुद्धा झाली होती. मान जागोजागी सोलली होती आणि काळा रंग होता तसाच होता. "आंघोळ करतेस ना?" असं वर्गातल्या मुली विचारायच्या, म्हणून पोरीनं शाळेत जायचंच टाळायला सुरुवात केली होती.

तो मळ नव्हता. मानेवर, काखेत, जांघेत कातडी अशी काळी, जाड आणि हाताला मखमलीसारखी लागली, तर त्याला आम्ही अ‍ॅकँथोसिस निग्रिकन्स म्हणतो. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, कारण मात्र समजून घ्या. रक्तातली साखर पेशींत पोचवण्याचं काम इन्सुलिन करतं. पोटाभोवती चरबी साठली, किंवा घराण्यातच तसा कल असला, की पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडत राहतं. त्या जोरावर साखर काही वर्षं आटोक्यात राहते, तपासणीतही कधी कधी काही सापडत नाही. पण हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं. घडीच्या जागी कातडी जाड होते, काळवंडते, बारीक लोंबते मसही येतात. आत जे चाललंय ते असं आधी मानेवर उमटतं. घासून ते जात नाही. उलट घासल्यानं कातडी आणखी जाड होते.

मुलीची पाळीही अनियमित होती, वजन वाढलेलं होतं. हे सगळं एकाच माळेतलं. बोलता बोलता माझं लक्ष आईच्या मानेकडे गेलं. तिथंही तोच पट्टा. "तो मंगळसूत्रानं पडलाय हो," ती म्हणाली. दोघींचं रक्त तपासलं. मुलीची साखर काठावर निघाली आणि आईला मधुमेह निघाला. तोवर तिला त्याची काहीच कल्पना नव्हती.

आकडे सांगते, लिहून घ्या. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आली तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची समजायची. १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर पुन्हा तपासून मधुमेहाचं निदान करतात. वजन कमी होऊ लागलं, रोजचं चालणं सुरू झालं, की मानेचा रंग हळूहळू उजळतो. त्याला महिने लागतात, पण उजळतो. मात्र एखाद्या वयस्कर, किडकिडीत माणसाच्या मानेवर आणि तळहातांवर हे अचानक, झपाट्यानं आलं आणि वजनही उतरत असेल, तर थांबू नका. क्वचित पोटातल्या कर्करोगाचीही ती खूण असते.

गोरं करणारी मलमं मात्र मला मनापासून छळतात. त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लव वाढते, गजकर्ण असेल तर ते पसरतं. औषधाच्या दुकानात नुसतं बोट दाखवून अशी ट्यूब आणू नका, हात जोडून सांगते.

आणखीही काही खुणा आहेत. अंगावर पुरळ काहीच नाही, पण खाज रात्रभर झोपू देत नाही, तेव्हा मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि रक्तातलं लोह पाहावं लागतं. गळवं पुन्हा पुन्हा होत असतील तर साखर बघा. सोरायसिस असलेल्या माणसाचे सांधे सकाळी आखडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्ही दुखणी एकच असू शकतात. आणि फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचं औषध सरकारकडून फुकट मिळतं आणि माणूस पूर्ण बरा होतो.

याचा अर्थ कातडीवरचं सगळंच आतून येतं, असा मुळीच नाही. "रक्त खराब झालंय" म्हणत रक्तशुद्धीचे काढे पिणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात आणि त्यांना असतो साधा नायटा, नाहीतर घरातल्या सगळ्यांना झालेली खरूज. गजकर्ण बुरशीनं होतं, खरूज किड्यानं. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध लावायचं; दोन्हींत टॉवेल वेगळे ठेवायचे, कपडे गरम पाण्यात धुवायचे.

तिशी ओलांडली असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब मोफत तपासून मिळतो. रात्री जेवल्यावर पाण्याखेरीज काही घेऊ नका आणि सकाळी चहाच्या आधी जा. लेकराची मान काळी दिसत असेल तर त्यालाही डॉक्टरांना दाखवा. आणि ती वज्री न्हाणीघरात टाचांसाठीच राहू द्या.

नमस्कार.