चौथ्या ओळीची रिकामी जागा

श्रोतेहो, रॉक गाण्याच्या शब्दांचा अर्थ लावायचा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कुलूप आणि किल्ली येते. गाण्यात काहीतरी दडवून ठेवले आहे, ते काय हे गीतकाराला पक्के ठाऊक आहे, आणि नेमकी किल्ली हाती लागली की दार आपोआप उघडेल, अशी ही समजूत. आपल्याकडे ती अधिक घट्ट असण्याला कारणही आहे. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, तेव्हा तो काम-क्रोधाचा विंचू आहे हे नाथ स्वतःच सांगून टाकतात. त्या परंपरेत मुरलेला कान रॉक ऐकतानाही 'हे रूपक कशाचे?' असाच प्रश्न घेऊन बसतो.

या प्रश्नाची 'बीटल्स' या इंग्लिश बँडमधल्या जॉन लेननने केलेली थट्टा प्रसिद्ध आहे. १९६७ साली त्याला त्याच्या जुन्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याचे पत्र आले. आमचे शिक्षक वर्गात बीटल्सच्या गाण्यांचा अर्थ लावायला सांगतात, असे त्या मुलाने लिहिले होते. 'आता लावा म्हणावे अर्थ' अशा इरेला पेटून लेननने 'आय ॲम द वॉलरस' या गाण्यात मुद्दाम असंबद्ध ओळी भरल्या, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गाण्यात 'वॉलरस म्हणजे पॉल' (बँडमधला त्याचा जोडीदार पॉल मॅकार्टनी) अशी खोटी किल्लीही लोकांच्या हाती ठेवली. गंमत पुढेच आहे. हा वॉलरस लुईस कॅरलच्या कवितेतून आला होता, आणि त्या कवितेत तो भोळ्या कालवांना फिरायला नेऊन फस्त करणारा लबाड ठरतो, हे आपल्या ध्यानात फार उशिरा आले, असे लेननने १९८० मध्ये एका मुलाखतीत सांगितले. कुलूप घडवणाऱ्याला स्वतःलाच त्यात काय बंद झाले आहे हे माहीत नव्हते, तर किल्ली कोणाकडे मागायची?

मला या कामी कुलपापेक्षा आपल्या काव्यशास्त्रातली एक जुनी संज्ञा अधिक उपयोगी पडली आहे. तिचे नाव काकू. शेजारच्या काकूंशी तिचा संबंध नाही. बोलणाऱ्याच्या आवाजातल्या ज्या हेलामुळे वाक्याचा अर्थ पालटतो, त्या हेलाला काकू म्हणतात. 'वा, छान केलेस!' ही शाबासकीही असू शकते आणि खरडपट्टीही. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. रॉक गाणे हे मुळात कागदासाठी लिहिलेले नसते, आणि तरीही त्याचा अर्थ लावणारे आपण छापलेले शब्द समोर घेऊन बसतो. घोळ तिथे सुरू होतो.

अमेरिकी रॉक गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीनचे 'बॉर्न इन द यूएसए' घ्या. या नावाचा अल्बम जून १९८४ मध्ये आला. महाविद्यालयात असताना कॅसेटवर हे गाणे प्रथम ऐकले, तेव्हा तो अमेरिकेचा जयजयकार आहे असेच मी समजून चाललो होतो. तसे समजणारा मी एकटा नव्हतो. १९ सप्टेंबर १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या हॅमंटन येथील प्रचारसभेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा गौरव केला. त्यांनी या गाण्याचे नाव घेतले नव्हते. हकीकत सांगणारे ते मागाहून घालतात. त्याच आठवड्यात स्प्रिंगस्टीनने पिट्सबर्गच्या मंचावरून टोला हाणला, की अध्यक्षांना माझा कोणता अल्बम आवडत असेल याचा मी विचार करतो आहे, 'नेब्रास्का' तर नसावा. ('नेब्रास्का' हा त्याचा हलाखीतल्या माणसांच्या गाण्यांचा उदास अल्बम.) आणि त्याच अल्बममधले, कारखाना बंद पडून बेकार झालेल्या कामगाराचे गाणे तो गायला.

आता शब्दांकडे पाहू. निवेदक मरणकळा आलेल्या एका गावात जन्मतो, कुठल्याशा किरकोळ भानगडीत सापडतो, आणि त्याच्या हाती रायफल देऊन त्याला परमुलखात लढायला धाडले जाते. परतल्यावर तो तेलशुद्धीकरण कारखान्यात काम मागायला जातो, तेव्हा भरती करणारा माणूस म्हणतो, 'पोरा, माझ्या हातात असते तर', आणि वाक्य तिथेच तुटते. माजी सैनिकांच्या कार्यालयातला माणूसही 'पोरा, तुला कळत कसे नाही' इतक्यावर थांबतो. ज्याने सरकारी खिडकीपुढे हेलपाटे घातले आहेत, त्याला ही अर्धी वाक्ये पुरी करून सांगावी लागत नाहीत.

पुढचे कडवे भावाचे आहे. भाऊ व्हिएतनाममधल्या खे सान या अमेरिकी तळावर व्हिएतकाँगशी, म्हणजे दक्षिणेतल्या कम्युनिस्ट गनिमांशी, लढत होता. ते अजून तिथेच आहेत, तो मात्र गेला. (त्या तळाला वेढा घालणारे बहुतांशी उत्तर व्हिएतनामचे नियमित सैन्य होते, गाण्यातला शब्द यमकाच्या सोयीचा म्हणा, किंवा साध्या शिपायाच्या तोंडचा म्हणा.) 'ते अजून तिथेच आहेत' हा उद्गार नाही, निव्वळ वस्तुस्थिती आहे, कारण ७७ दिवस झुंजून राखलेला तो तळ अमेरिकी सैन्याने १९६८ च्या जुलैत स्वतःच मोडून सोडून दिला होता. याआधीची कडवी चार-चार ओळींची आहेत. इथे मात्र तिसऱ्या ओळीवर आवाज थांबतो, आणि चौथ्या ओळीच्या जागी नुसती वाद्ये वाजत राहतात.

मग रेगन यांचे समर्थक बहिरे होते, असे म्हणून मोकळे व्हायचे का? तसा निवाडा अनेकांनी दिला आहे. मला तो एकांगी वाटतो. शब्दांइतकेच खरे असे आणखी काहीतरी या ध्वनिमुद्रणात आहे. रॉय बिटनने सिंथेसायझरवर वाजवलेली ती एकच तुतारीसारखी सुरावट, मॅक्स वाइनबर्गच्या ड्रमचे तोफेसारखे ठोके, आणि त्यावर घसा फोडून म्हटलेले ध्रुवपद, हे सगळे मूठ आवळून वर उचलायला लावते, आणि ते तसे लावावे म्हणूनच केलेले आहे. वाटणीच्या भांडणात घराबाहेर काढलेला भाऊ उंबरठ्यावर उभा राहून 'मी याच घरात जन्मलोय' असे ओरडतो, तेव्हा त्या ओरडण्यात अभिमान असतो, हक्क असतो आणि गाऱ्हाणेही असते. त्यातले एकच उचलून 'हा खरा अर्थ' म्हणणे म्हणजे त्या माणसाला अर्धेच ऐकणे होय. अभिमान ऐकणाऱ्यांनी गाऱ्हाणे ऐकले नाही हे खरे. पण गाऱ्हाणे ऐकणारे आम्ही अभ्यासक पुष्कळदा अभिमानाला फसवे आवरण म्हणून झटकून टाकतो, तेही चूकच.

याला पुरावा गाण्यातच मिळतो. हेच गाणे स्प्रिंगस्टीनने १९८२ मध्ये, 'नेब्रास्का'च्या वेळी, एकट्याने गिटारवर ध्वनिमुद्रित केले होते; ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे ध्रुवपद पुटपुटल्यासारखे येते, त्यात मूठ उचलायला जागाच नाही, आणि ते ऐकून कोणाचाही गैरसमज होण्याची शक्यता नाही. गैरसमज टाळायचा असता तर तेच ध्वनिमुद्रण अल्बममध्ये घालता आले असते. गैरसमजाची जोखीम पत्करून त्याने तुतारी निवडली, आणि माझ्या मते त्यामुळेच गाणे मोठे झाले.

आता १९८४ चे ध्वनिमुद्रण आपण ऐकणार आहोत. शब्दांचे कागद कृपया उलटे करून ठेवावेत. भावाचे कडवे येईल तेव्हा तिसऱ्या ओळीनंतर मनात चार ठोके मोजा, आणि तेवढा वेळ ड्रम काय करतो आहे, ते ऐका.